वाळूतला साप घरात: सँड बोआ पाळण्याच्या प्रश्नाचा आढावा

अमेरिकेत किंवा युरोपात एखाद्याने पहिला साप कोणता पाळावा असे विचारले, की ठरावीक चार-पाच नावे पुढे येतात. कॉर्न स्नेक, बॉल पायथन, किंग स्नेक, रोझी बोआ आणि केनियन सँड बोआ. यांतले शेवटचे नाव सांगताना अनुभवी माणसे सहसा तीन गुण सांगतात: लहान, शांत आणि कमी खर्चाचा. तिन्ही गुण खरे आहेत. पण साप पाळावा की नाही, हा निर्णय एवढ्यावर घेता येत नाही. हा साप कुठून आला, पेटीत त्याला काय मिळते, मालकाला त्याच्याकडून काय हवे आहे आणि पाळणारा कोणत्या देशात राहतो, हे सगळे पाहावे लागते. महाराष्ट्रातल्या वाचकासाठी त्यात आणखी एक गोष्ट मिसळते. या सापाचा सख्खा भाऊबंद आपल्या शेताच्या बांधावर राहतो आणि त्याचे आज फार हाल चालले आहेत. म्हणून हा प्रश्न तुकड्यातुकड्याने न पाहता एकत्र पाहायला हवा.

प्राणी कसा आहे

केनियन सँड बोआचे शास्त्रीय नाव एरिक्स कोलुब्रिनस. निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७५८ मध्येच त्याची नोंद केली होती. नावात केनिया असला तरी त्याचा प्रदेश बराच मोठा आहे. पश्चिमेला नायजर आणि चाड, उत्तरेला इजिप्त, तिथून सुदान, इथिओपिया, सोमालिया, केनिया आणि टांझानियापर्यंत तो आढळतो. निव्वळ वाळूच्या टेकड्यांपेक्षा त्याला भुसभुशीत माती, खुरटी झुडपे आणि उंदरांची बिळे असलेला कोरडा मुलूख मानवतो.

मादी साधारण ६० ते ८० सेंटिमीटर लांब आणि अंगाने चांगली भरलेली असते. नर तिच्या तुलनेत किरकोळ, बहुतेकदा ४५ सेंटिमीटरच्या आत. रंग केशरी किंवा पिवळसर, त्यावर गडद तपकिरी ठिगळे, पोट पांढरट. डोके मानेपासून वेगळे ओळखू येत नाही. थूथन पाचरीसारखे असते आणि त्यानेच तो वाळू कापत पुढे जातो. डोळे बारीक आणि डोक्यावर वरच्या बाजूला सरकलेले असतात, त्यामुळे अख्खे अंग वाळूत राहूनही बाहेर नजर ठेवता येते. शेपूट आखूड आणि बोथट. तो बिनविषारी आहे आणि भक्ष्याला विळख्यात आवळून मारतो. मादी अंडी घालत नाही, पिल्लांना जन्म देते. एका वेळी दहा-वीस पिल्ले होणे नेहमीचे आहे.

या कुळातल्या बहुतेक जाती पिल्लेच देतात. अपवादांमध्ये अरबस्तानातला एरिक्स जयकरी हा साप येतो, तो अंडी घालतो. त्याचे नाव ऐकून मराठी कान टवकारले जातील. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले डॉ. आत्माराम सदाशिव जयकर मस्कतमध्ये बरीच वर्षे डॉक्टर होते. तिथले प्राणी, मासे, सरडे गोळा करून ते लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला पाठवत. तिथले प्राणिशास्त्रज्ञ बूलेंजर यांनी १८८८ मध्ये या वाळूतल्या सापाला जयकरांचे नाव दिले. ओमानच्या डोंगरातला रानबोकडही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. सँड बोआ हा परका, दूरचा विषय वाटतो खरा, पण त्याच्या अभ्यासात आपला माणूस सव्वाशे वर्षांपूर्वीच सामील झाला होता.

जंगलातून घरापर्यंत

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे साप पूर्व आफ्रिकेतून पकडून पाश्चात्त्य देशांच्या बाजारात जात. जंगलात पकडलेला साप म्हणजे प्रवासात दमलेला, शोषलेला, अंगावर गोचिड आणि पोटात जंत घेऊन आलेला प्राणी. त्यातले कित्येक नव्या जागी अन्नच घेत नसत. पुढे लोकांच्या लक्षात आले की हा साप कैदेत सहज वितो. आज विकले जाणारे बहुतेक केनियन सँड बोआ पिढ्यान्‌पिढ्या पेट्यांतच जन्मलेले असतात. टांझानियाने २०१६ मध्ये जिवंत वन्यप्राण्यांच्या निर्यातीवर बंदी घातली, त्यामुळे तिकडून येणारा माल आणखी आटला.

बोआंचे जवळजवळ सगळे कुळ ‘साइटिस’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट २ मध्ये आहे. त्याचा अर्थ असा, की सीमा ओलांडून व्यापार करायचा तर परवाना लागतो. सापांची नोंद, जन्माची कागदपत्रे आणि विकणाऱ्याची खात्री या गोष्टींना म्हणूनच महत्त्व आहे. कैदेत जन्मलेला म्हणून विकला जाणारा प्राणी खरोखर कैदेतच जन्मला होता का, हे विचारणे खरेदीदाराचे काम आहे. प्रौढ, फाटक्या खवल्यांचा, जखमांचे वण असलेला आणि तरीही स्वस्त साप कोणी देऊ करत असेल, तर शंका घ्यावी.

कैदेतल्या प्रजननाने रंगांचे वाणही निघाले. तांबूस रंगद्रव्य नसलेले काळे-पांढरे, काळे रंगद्रव्य नसलेले केशरी-पांढरे, दोन्ही नसलेले जवळजवळ शुभ्र. रंग बदलल्याने सापाचे काही बिघडतेच असे नाही. पण रंगाच्या मागे लागून निवड केली की धोका असतो, हे बॉल पायथनमध्ये दिसले आहे. त्यातल्या ‘स्पायडर’ नावाच्या वाणाची जाळीदार नक्षी देणारे जनुक सोबत तोल जाण्याचा विकारही आणते. साप डोके सरळ धरू शकत नाही, भक्ष्यावर झेप घेताना चुकतो. आणि तरीही वर्षानुवर्षे त्याची पैदास चालू राहिली, कारण नक्षीला भाव होता. सँड बोआच्या शौकिनांनी हा धडा वेळेत घ्यावा. देखणेपणासाठी निरोगीपण पणाला लावू नये.

रोझी बोआ हा याच यादीतला दुसरा वाळवंटी साप. कॅलिफोर्निया, ॲरिझोना आणि मेक्सिकोच्या सोनोरा व बाहा कॅलिफोर्निया भागांत तो खडकांच्या कपारींत राहतो. त्याच्या अंगावर लांब पट्टे असतात, वाढ सावकाश होते, आणि नीट सांभाळला तर तीस वर्षेही जगतो. तो पाळणाऱ्यांमध्ये एक चांगली पद्धत आहे. साप कोणत्या डोंगररांगेतल्या मूळ जोडीचा आहे याची नोंद ते जपतात आणि वेगवेगळ्या ठिकाणचे साप एकमेकांत मिसळत नाहीत.

पेटीतले वाळवंट

देखभालीच्या पुस्तकांत आकडे बहुधा सारखेच असतात. पेटीची उबदार बाजू ३२ ते ३५ अंश सेल्सियस, थंड बाजू २५ अंशांच्या आसपास. रात्री त्याहून थोडे कमी चालते. हवा कोरडी, पाण्याची लहान जड वाटी, लपायला दोन जागा, आणि साप पुरा बुडेल एवढा वाळू-मातीचा किंवा अस्पेन लाकडाच्या भुशाचा थर. ओल राहिली की पोटावरच्या खवल्यांना फोड येतात, श्वसनाचे विकार होतात. अगदी कोरड्या हवेत कात तुकड्यातुकड्याने निघते, म्हणून कात टाकण्याच्या दिवसांत एका कोपऱ्यात थोडे ओलसर शेवाळ ठेवतात.

आकड्यांपेक्षा ऊब कुठून येते, हे जास्त महत्त्वाचे. बहुतेक जण पेटीच्या काचेखाली गरम होणारी चटई, म्हणजे हीट मॅट लावतात. ती स्वस्त आहे, वीज कमी खाते. पण वाळवंटात काय घडते ते बघा. सूर्य वरून तापवतो. वरची वाळू भाजते, खाली जावे तसतशी ती थंड होत जाते. उकडले की सँड बोआ खाली शिरतो. लाखो वर्षांत त्याच्या शरीराला हीच सवय लागली आहे. हीट मॅट लावलेल्या पेटीत हे सगळे उलटे होते. साप उकडले म्हणून खाली शिरतो आणि काचेला पोट टेकते तिथे त्याला सगळ्यात जास्त उष्णता मिळते. त्यात वाळूचा जाड थर ऊब कोंडून ठेवतो. वर ठेवलेला थर्मामीटर ३० अंश दाखवत असताना खाली काच ४५ अंशांच्या पुढे गेलेली असू शकते. साप भाजतो आणि मालकाला कळतही नाही, कारण साप ओरडत नाही.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, थर्मोस्टॅटशिवाय कोणतेही ऊब देणारे साधन लावू नये, आणि त्याचा संवेदक वाळूच्या तळाशी, काचेला टेकवून ठेवावा. दुसरा अधिक चांगला. ऊब वरून, दिव्याने किंवा वर बसवलेल्या पॅनेलने द्यावी. मग वाळूत खऱ्या वाळवंटासारखे थर तयार होतात आणि किती खोल जायचे, हे साप स्वतः ठरवतो. गेल्या काही वर्षांत चांगले पाळणारे दुसऱ्या पद्धतीकडे वळू लागले आहेत. माझ्या मते या आढाव्यातली ही सर्वांत उपयोगी गोष्ट आहे. इथे प्राण्याच्या सवयी नीट समजून घेतल्या की सामानही योग्य निवडले जाते.

खाण्याचे तसे सोपे आहे. गोठवलेले उंदीर मिळतात. ते फ्रिजमध्ये वितळवून, वेगळ्या भांड्यातल्या गरम पाण्यात कोमट करून चिमट्याने द्यावेत. मायक्रोवेव्ह वापरू नये. जिवंत उंदीर सापाला चावतो, म्हणून तो टाळतात. प्रौढ मादीला दोन आठवड्यांतून एकदा पुरते, नराला त्याहून लहान भक्ष्य. विणीच्या हंगामात नर आठवडे न आठवडे काही खात नाही आणि त्यात घाबरण्यासारखे काही नसते. अडचण वेगळीच आहे: पेटीतला साप हालचाल कमी करतो आणि मालक प्रेमापोटी जास्त खायला घालतो. लठ्ठपणा हा सँड बोआचा मोठा आजार आहे आणि तो माणसाच्या हातून येतो. घरात फ्रीजरमध्ये उंदीर ठेवणे ज्या कुटुंबाला पटणार नाही, त्यांनी हा विषय इथेच थांबवावा. सापाला शाकाहारी करता येत नाही.

शांतपणाचा अर्थ

सँड बोआ क्वचितच चावतो, हे खरे. हातात घेतला तर बहुतेक वेळा तो बोटांमध्ये तोंड खुपसून आडोसा शोधतो. पण त्याची शिकार एकदा जवळून पाहिली तर शांत या शब्दाबद्दलची कल्पना बदलते. वाळूचा पृष्ठभाग सपाट असतो. नीट पाहिले तर फक्त डोळ्यांचे दोन काळे ठिपके दिसतात. चिमट्यातला उंदीर वाळूला टेकतो न टेकतो तोच बाजूची वाळू उसळते, जबडा आडवा मिटतो आणि उंदीर विळख्यासकट खाली ओढला जातो. सगळे डोळ्याचे पाते लवण्याच्या आत. मग एक खळगा तेवढा उरतो, आणि वाळू आतून हलत राहते.

म्हणून अनुभवी माणूस अंदाजाने वाळूत हात घालत नाही. आधी काठीने किंवा चिमट्याने सापाला हलकेच स्पर्श करतो, आता खाणे नाही हे त्याला कळू देतो, आणि मगच खालून आधार देत उचलतो. खाल्ल्यावर दोन दिवस त्याला हात लावत नाहीत. पिल्ले झटके देतात, काही नर अस्वस्थ असतात. शांत साप या ओळखीत प्रत्येक प्राण्याचा वेगळा स्वभाव हरवू नये.

इथे मला एक गोष्ट स्पष्ट म्हणायची आहे. सँड बोआ हातात गप्प राहतो म्हणून त्याला हाताळणे आवडते, असे समजू नये. लपून राहणे, हालचाल न करणे, हीच त्याची जगण्याची रीत आहे. भीतीतही तो गप्पच बसतो. ताण ओळखायचा तर वेगळ्या खुणा बघाव्या लागतात: भक्ष्य नाकारणे, काचेला थूथन घासत राहणे, वाळूत न शिरता दिवसा पेटीत भटकत राहणे. त्याला आपली गरज नाही, आपल्यालाच त्याचा शौक आहे. हे मान्य करणारा माणूस त्याला चांगला सांभाळतो.

आरोग्याबद्दल दोन सूचना. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आतड्यात साल्मोनेला जंतू सहसा असतात आणि साप निरोगी दिसत असूनही ते माणसाला लागू शकतात. अमेरिकेतले रोगनियंत्रण केंद्र पाच वर्षांखालची मुले, पासष्ट वर्षांवरची माणसे आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले रुग्ण यांनी साप किंवा त्याचे सामान हाताळू नये असे सांगते. पेटीची भांडी स्वयंपाकघरात धुऊ नयेत, हात साबणाने धुवावेत. दुसरी सूचना सापासाठी. बोआ आणि अजगरांना ‘इन्क्लूजन बॉडी डिसीज’ नावाचा असाध्य रोग होतो. तो रेप्टअरेनाव्हायरस या विषाणूंमुळे होतो, हे २०१२ नंतरच्या संशोधनातून पुढे आले. बोआ हा विषाणू दीर्घकाळ लक्षणांशिवाय बाळगू शकतो. घरात दुसरा साप आणायचा तर तो कित्येक महिने वेगळ्या खोलीत ठेवावा आणि त्याची तपासणी करून घ्यावी.

मतभेद कुठे आहेत

साप घरात ठेवणेच चूक, असे मानणारे प्राणिकल्याणाचे कार्यकर्ते आणि शौकीन यांच्यात जुना वाद आहे. त्यात एका आकड्याची बरीच चर्चा झाली. २०१२ मध्ये ‘द बायोलॉजिस्ट’ या ब्रिटिश नियतकालिकातल्या लेखात म्हटले होते की घरी नेलेल्या सरपटणाऱ्या प्राण्यांपैकी किमान ७५ टक्के पहिल्या वर्षात मरतात. २०१५ मध्ये केंट विद्यापीठाच्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या पाळणाऱ्यांची पाहणी केली आणि हे प्रमाण सरासरी ३.६ टक्के असल्याचे मांडले. चॅमेलियनसारख्या नाजूक प्राण्यांमध्ये ते खूप जास्त होते, सापांमध्ये कमी.

दोन आकड्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो समजून घ्यायला हवा. पाहणीला उत्तर देणारे लोक सहसा जास्त आस्थेचे असतात. ज्याचा साप दुकानातून आणल्यावर महिन्याभरात मेला, तो असल्या पाहणीत सापडतच नाही. उलट ७५ टक्क्यांचा आकडा सगळ्या जाती, आयातीतले सगळे मृत्यू आणि सगळे अनाडी मालक एका मोजपट्टीत बसवतो. सँड बोआ टिकाऊ प्राणी आहे, यावर दोन्ही बाजूंच्या जाणकारांचे फारसे दुमत नाही. पण तेवढ्याने प्रश्न मिटत नाही. साप जिवंत आहे म्हणजे चांगला जगतो आहे, असे होत नाही. हा साप चुकीच्या तापमानात, अर्धपोटी किंवा अति खाऊन, वर्षानुवर्षे जगू शकतो. त्याची काटकता हीच त्याच्या वाट्याला आलेल्या दुर्लक्षाचे कारण ठरते.

दुसरा वाद जागेचा. मोठ्या प्रमाणावर पैदास करणारे लोक साप प्लॅस्टिकच्या खणांत ठेवतात. कपाटातल्या ड्रॉवरसारखे हे खण स्वच्छ करायला सोपे असतात. त्यांचे म्हणणे असे, की बिळात राहणाऱ्या प्राण्याला अरुंद, अंधारी जागा सुरक्षित वाटते. याला उत्तर असे, की बीळ अरुंद असले तरी साप त्यातून बाहेर पडू शकतो. साप शरीर पूर्ण सरळ करू शकेल एवढी तरी जागा मिळावी, ही मागणी आता बरीच मान्य होऊ लागली आहे. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठात डेव्हिड होल्ट्झमन यांनी तरुण कॉर्न स्नेक एका मोठ्या रिंगणात सोडले. सुटकेचे भोक कुठे आहे हे साप काही फेऱ्यांत शिकले आणि पुढच्या वेळी जास्त सरळ वाटेने गेले. जो प्राणी जागा लक्षात ठेवतो, तो जागेचा उपयोगही करतो. सँड बोआसाठी उंच पेटी नको, पण लांब, खोल वाळूची, दोन्ही टोकांत तापमानाचा फरक असलेली पेटी हवी, असे मला या सगळ्यातून दिसते.

निसटलेल्या सापांचा प्रश्न

पाळलेले मोठे अजगर रानात पसरल्याने फ्लोरिडात काय झाले हे अनेकांनी वाचलेले असते. लहान, गुणी साप मात्र निरुपद्रवी मानला जातो. असे मानणाऱ्यांनी स्पेनच्या ग्रान कनारिया बेटाचे उदाहरण लक्षात ठेवावे. तिथे पाळलेले कॅलिफोर्निया किंग स्नेक निसटले किंवा सोडले गेले. १९९८ मध्ये ते रानात पहिल्यांदा दिसले. मीटरभर लांबीचा, बिनविषारी, हौशी लोकांचा लाडका साप. आज ते बेटावर पसरले आहेत आणि त्यांच्या अनेक पिढ्यांत पेट्यांत निवडलेल्या फिकट रंगाच्या खुणा दिसतात. जिथे ते पोहोचले तिथे बेटावरचे स्थानिक मोठे सरडे जवळपास नाहीसे झाले. सँड बोआने असे कुठे केल्याची मोठी घटना माझ्या वाचनात नाही. पण पेटीचे झाकण कुलपाने बंद असावे आणि नकोसा झालेला साप कधीही बाहेर सोडू नये, हे दोन नियम याच अनुभवातून आले आहेत.

देशांनी वेगवेगळ्या वाटा निवडल्या आहेत. न्यूझीलंडमध्ये साप पाळताच येत नाही. हवाईतही तसेच, आणि तिथे दंड दोन लाख डॉलरपर्यंत जातो. नॉर्वेने चाळीस वर्षे सरपटणारे प्राणी पाळण्यावर बंदी ठेवली. २०१७ मध्ये ती सैल करून फक्त १९ जातींची यादी केली. यादीत नसेल ते चालणार नाही, अशी ही रीत. ब्रिटनमध्ये सँड बोआला परवाना लागत नाही, पण २००६ च्या प्राणिकल्याण कायद्याने मालकावर प्राण्याच्या गरजा भागवण्याची जबाबदारी टाकली आहे.

मांडूळ आणि महाराष्ट्र

आता आपल्याकडे. आपला मांडूळ हा एरिक्स जॉनी, म्हणजे केनियन सँड बोआच्याच वंशातला. तमिळनाडूतल्या तरंगंबाडीचे मिशनरी डॉक्टर ख्रिस्टोफ सॅम्युएल जॉन यांच्या नावावरून हे नाव पडले. मीटरभर लांब, तपकिरी, आणि शेपूट डोक्याइतकेच बोथट. भीती वाटली की तो डोके विळख्याखाली लपवतो आणि शेपूट पुढे करतो, म्हणजे शत्रूचा घाव शेपटीवर बसतो. यातून दुतोंड्याची कल्पना निघाली. सहा महिने या तोंडाने आणि सहा महिने त्या तोंडाने चालतो, असा समज गावोगावी आहे. त्याचाच सोबती डुरक्या घोणस. नाव आणि नक्षी घोणशीची, पण बिनविषारी. घोणस समजून तो रोज मारला जातो. हे दोघे शेतात उंदीर खातात, बांधावरच्या भुसभुशीत मातीत राहतात आणि शेतकऱ्याचे नुकसान टाळतात.

मांडुळावर खरी आफत आली ती गुप्तधन आणि पैशाच्या पावसाच्या थापांमुळे. विशिष्ट वजनाच्या मांडुळाला लाखो रुपये मिळतात असे सांगून भोळ्या आणि लोभी दोघांनाही फसवले जाते. मांडुळाचे वजन वाढवण्यासाठी त्याला जबरदस्तीने भरवले जाते. डब्ल्यूसीएस-इंडिया या संस्थेच्या अहवालानुसार २०१६ ते २०२१ या काळात देशभरात मांडूळ जप्तीच्या १७२ घटना नोंदल्या गेल्या. त्यांतल्या सर्वाधिक, ५९, महाराष्ट्रातल्या. त्यांत पुणे, ठाणे, मुंबई उपनगर आणि रायगड ही नावे पुन्हा पुन्हा येतात. हे आदिवासी पाड्यांतले नाही, शहरांच्या आसपासचे चित्र आहे. मांडूळ पकडणे, बाळगणे, विकणे हा वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली गुन्हा आहे. शौक म्हणून घरात ठेवण्यालाही यात सूट नाही.

परदेशी सापाचे काय? वन्यजीव संरक्षण कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. साइटिसच्या परिशिष्टांतल्या प्राण्यांची मालकी, हस्तांतर, जन्म आणि मृत्यू यांची नोंद तिने बंधनकारक केली. त्याचे नियम २०२४ मध्ये आले आणि ही नोंदणी केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ या ऑनलाइन व्यवस्थेवर होते. केनियन सँड बोआ या कक्षेत येतो. म्हणजे नोंदीशिवाय तो बाळगणे बेकायदा आहे, आणि तो कायदेशीर मार्गाने देशात आणायचा तर परवाने, आयात मंजुरी आणि विलगीकरण लागते. मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या प्रवाशांच्या सामानात बिस्किटांच्या पुड्यांत कोंबलेले साप सापडतात, ते हे सगळे टाळण्यासाठीच. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबाने मुलाला सँड बोआ घेऊन दिला असेल, तर परत येताना तो सामानात आणता येणार नाही, हेही आधीच समजून घ्यावे. साप वीस वर्षांहून जास्त जगतो. मूल कॉलेजात जाईल, नोकरी बदलेल, देश बदलेल, तेव्हा साप कोणाकडे राहील, हे खरेदीच्या दिवशीच ठरवावे लागते.

मग पाळावा का?

सगळे जमेस धरून माझे मत असे. जिथे कायदा परवानगी देतो, तिथे कैदेत जन्मलेला केनियन सँड बोआ किंवा रोझी बोआ पाळण्यात गैर काही नाही, जर तीन अटी पाळल्या तर. पेटी त्याच्या सवयींप्रमाणे असावी, ऊब वरून आणि वाळू खोल. मालकाला साप पाहण्याची हौस कमी आणि सांभाळण्याची जास्त असावी, कारण आठवड्यातले बहुतेक दिवस तो दिसणारच नाही. आणि वीस वर्षांची तरतूद असावी, त्यात सापांवर उपचार करणारा पशुवैद्यही आला. एखादी अट जमत नसेल, तर साप न घेणे हेच प्राण्यावरचे प्रेम.

महाराष्ट्रात माझा सल्ला वेगळा आहे. इथे सापांची आवड असणाऱ्याला पेटीची गरज नाही. नांगरटीच्या वेळी निघालेला मांडूळ बांधावर परत जाऊ देणे, डुरक्या घोणस आणि घोणस यांतला फरक शेजाऱ्यांना शिकवणे, घरात साप आला तर प्रशिक्षित सर्पमित्राला बोलावणे, मांडूळ विकत घेतो असे सांगणाऱ्याची माहिती वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर देणे, ही कामे आज कोणी ना कोणी करायलाच हवीत. केनियाचा साप न्यू जर्सीतल्या खोलीत सुखात राहू शकतो. आपला मांडूळ मात्र आपल्याच शेतात सुखात राहू शकेल की नाही, हे आपल्यावर अवलंबून आहे, आणि सापांची खरी हौस असणाऱ्याने आधी त्याची काळजी घ्यावी.